‘विना’ला नाही म्हणणारा शब्द

एकमेकांना न सोडणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मित्र असले तर जिवश्चकंठश्च, नवरा-बायको असली तर लक्ष्मीनारायणाचा जोडा, उपद्व्यापी पोरे असली तर जोडगोळी, आणि सरकारी पत्रक असले तर ‘अविभाज्य घटक’. या गोतावळ्यात एक शब्द जरा बाजूला उभा असतो. तो म्हणजे अविनाभाव. बोलताना तो कुणाच्या तोंडी येत नाही. समीक्षेत मात्र येतो. आशय आणि अभिव्यक्ती यांचा अविनाभाव संबंध असतो, हे वाक्य आपल्याकडे इतक्या प्रस्तावनांत येऊन गेले आहे की वाचणाऱ्याची नजर त्या शब्दावरून घसरून पुढे जाते. मला तो शब्द आवडतो, म्हणून या लेखापुरती ती नजर थांबवायची आहे.

त्याचे वेगळेपण त्याच्या भाईबंदांशेजारी ठेवले की दिसते. अतूट, अभेद्य, अखंड, अविभाज्य: यांतल्या प्रत्येकात एक सुरी लपलेली आहे. तोडणे, भेदणे, खंडणे, विभागणे. आधी कुणीतरी कापू पाहतो, मग कापता येत नाही म्हणून हे शब्द जन्माला येतात. अविनाभावात सुरी नाही. त्यात आहे एक साधे अव्यय, विना. त्याच्या आधी ‘अ’ आणि नंतर ‘भाव’, म्हणजे असणे. एकावाचून दुसऱ्याचे नसणे, एवढाच अर्थ. कापून बघायचा प्रश्नच नाही. एकटे असणे हीच गोष्ट तिथे घडत नाही.

‘विना’ आपल्या रोजच्या वापरातला. विनातिकीट, विनाथांबा, विनाअनुदानित. पण हा शब्द आला कुठून, याचे पाणिनीने दिलेले उत्तर फार गमतीचे आहे. अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात दुसऱ्या पादातल्या २७व्या सूत्रात तो ‘विना’ आणि ‘नाना’ हे दोन शब्द एकाच दमात सिद्ध करतो. एक ‘वि’पासून, दुसरा ‘न’पासून, आणि दोघांचा मूळ अर्थ एकच सांगतो: सोबत नसणे. म्हणजे ‘विना’ आणि ‘नाना’ हे सख्खे भाऊ. (आळीआळीतल्या नानांचा याच्याशी संबंध नाही.) सोबत नसण्याच्या या एका अर्थातून एक भाऊ उणिवेकडे गेला आणि ‘वाचून’ झाला, दुसरा रेलचेलीकडे गेला आणि ‘तऱ्हेतऱ्हेचे’ झाला. नाना परी, नाना रंग, नाना कळा, हे सगळे मुळात एकमेकांपासून सुटे झालेले रंग आणि कळा. सुटेपणातून एकीकडे वैविध्य आणि दुसरीकडे पोरकेपण निघते, हे ज्या भाषेला इतक्या लवकर उमगले तिला सलाम करावासा वाटतो.

आता अविनाभावात काय झाले पाहा. ‘विना’ म्हणजे सोबत नसणे. त्याला आणखी एक नकार. शाळेत शिकवतात, दोन नकारांचा एक होकार होतो. तसे असते तर या शब्दाचा अर्थ ‘सहभाव’, एकत्र असणे, एवढाच झाला असता. तो तसा होत नाही, आणि या शब्दाची सगळी चव तिथेच आहे. एकत्र असणे ही पाहण्यातली गोष्ट आहे. शंभरदा पाहिले, शंभरदा एकत्र दिसले. एकावाचून दुसरे न असणे ही त्याहून कडक अट आहे, कारण तिला एकही अपवाद चालत नाही.

ही अट ज्यांच्या कामाची होती त्यांनीच हा शब्द घासूनपुसून वापरात आणला. ते होते तर्कशास्त्रवाले: नैयायिक, बौद्ध, जैन. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे अनुमान त्यांच्या पाठशाळेतले बाळबोध उदाहरण. पण ते कशाच्या जोरावर करायचे? धुराचा आगीशी अविनाभाव आहे, या जोरावर. नैयायिकांनी त्यालाच व्याप्ती म्हटले. सोबतीचे उदाहरण म्हणून ते स्वयंपाकघर देत, कारण तिथे धूरही असतो आणि चूलही. उलटे उदाहरण म्हणून डोह, जिथे दोन्ही नसतात.

इथे एक खोच आहे, आणि मराठीत हा शब्द वापरताना आपण ती हटकून विसरतो. धूर आगीवाचून नसतो. आग मात्र धुरावाचून खुशाल असते. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा हे त्याचे जुने, शास्त्रांतले उदाहरण. त्यात आग आहे, धुराचा मागमूस नाही. मग चुलीत धूर का होतो? सरपण ओले म्हणून. पावसाळ्यात फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या बाईला हे कुणी शिकवावे लागत नाही. लाकूड वाळले की तीच चूल निमूट जळते. आग आणि धूर यांच्यामध्ये गुपचूप येऊन बसलेल्या या ओल्या सरपणाला नैयायिकांनी नाव दिले उपाधी. उपाधी सापडली की व्याप्ती फसली. म्हणून अविनाभाव हा एका दिशेने वाहणारा संबंध आहे. धुराची आगीवाचून गत नाही, आगीला धुराची पर्वा नाही. प्रेमाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांनी या शब्दाकडे जरा जपून पाहावे, असे मला नेहमी वाटते. ‘त्यांचा अविनाभाव होता’ असे लिहिताना कोण धूर आणि कोण आग, हेही सांगावे लागेल.

असा संबंध येतो तरी कुठून? बौद्ध पंडित धर्मकीर्तीने त्याच्या दोनच वाटा मान्य केल्या. एक तादात्म्य: शिंशपा आहे म्हणजे झाड आहेच, कारण शिंशपा असणे हे झाड असण्यातच येते. दुसरी उत्पत्ती: धूर आगीतून निपजतो म्हणून तिच्यावाचून नसतो. जैन तार्किकांना हे अपुरे वाटले, आणि त्यांनी काढलेली उदाहरणे मला जास्त रसाळ वाटतात. माणिक्यनंदीच्या परीक्षामुखात एक उदाहरण कृत्तिकांचे आहे. कृत्तिका उगवल्या म्हणजे रोहिणी उगवणार. कृत्तिका रोहिणीची आई नव्हे, तिच्यातून ती निपजत नाही, दोघी एक नव्हेत. तरी हा नेम चुकत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी पूर्वेला उभे राहिले तर आजही पडताळा येतो: चांदण्यांचा तो लहानसा झुबका वर आला की तासाभरात तांबूस रोहिणी क्षितिज सोडते. दुसरे उदाहरण म्हाळुंगाचे. अंधारात फळ चाखले, चव लागली. म्हणजे त्याला रंग आहे, डोळ्यांना दिसला नसला तरी. म्हाळुंग म्हटल्यावर आपल्याला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले फळ आठवते. तार्किकांनाही अनुमानासाठी तेच फळ सापडावे याची मौज वाटते. या दोन उदाहरणांतून जैनांनी अविनाभावाचे दोन प्रकार केले, सोबतीचा आणि क्रमाचा. चव आणि रंग सोबतीने असतात. कृत्तिका आणि रोहिणी यांचे उगवणे एकापाठोपाठ एक असते, कधीच एका क्षणी नसते. म्हणजे कधीही न सुटणाऱ्या दोन गोष्टी कधीही एकत्र न येणाऱ्या असू शकतात. ‘सहभाव’ या शब्दाला हे पेलले नसते. अविनाभावाला पेलते, कारण त्याने सोबतीचे वचन दिलेलेच नाही. फक्त ‘विना’ला नाही म्हटले आहे.

या शब्दाच्या आगेमागे आणखी दोघेतिघे आहेत. पतंजलीच्या महाभाष्यात ‘नान्तरीयक’ असा शब्द येतो. अर्थ जवळपास तोच, ज्यावाचून चालत नाही ते. पण पतंजलीचे उदाहरण खास शेतकऱ्याचे आहे. भाताची इच्छा असलेला माणूस साळीची पेंढी उचलून आणतो, तुसांसकट आणि पेंढ्यासकट, कारण त्यावाचून दाणा येतच नाही. मग घेण्यासारखे तेवढे घेतो आणि तूस-पेंढा टाकून देतो. मासे खाणाराही खवले आणि काट्यांसकट मासा आणतो, ते त्याच चालीने. इतक्या थोरल्या व्याकरणग्रंथात मासळीचे काटे आडवे यावेत, हे वाचून मन प्रसन्न होते. पण नीट पाहिले तर ही न सुटणारी जोडी जेवायला बसेपर्यंतच न सुटणारी आहे. आणताना एकत्र, पानात वेगळे. मम्मटानेही काव्यप्रकाशात लक्षणेची चर्चा करताना ‘अविनाभाव’ असाच सैल करून घेतला. मचाणे ओरडतात, या प्रयोगात ओरडतात ती मचाणावरची माणसे. माणूस मचाणावरून उतरू शकतो, तेव्हा इथे अविनाभाव म्हणजे नुसता संबंध समजा, असे त्याचे म्हणणे. अख्खी चाळ जमली, गाव जेवला, असे आपण म्हणतो ते याच सवलतीवर.

वैशेषिकांचा शब्द अधिक करकरीत, अयुतसिद्ध. धागे आणि कापड, गुण आणि गुणी अशा जोड्या, ज्यांतला एक टिकून असेपर्यंत दुसऱ्याच्याच आश्रयाने राहतो. या जोड्यांमधल्या संबंधाला त्यांनी समवाय म्हटले. भांड्यात ठेवलेली बोरे समवायात बसत नाहीत. ती भांड्यातून काढली तरी बोरेच. इथे ‘युत’ म्हणजे सुटे, वेगळे. आणि याच ‘यु’ धातूपासून आपली युती आली, ती मात्र एकत्र येण्याची. धातुपाठात या धातूला मिसळणे आणि न मिसळणे असे दोन्ही अर्थ दिलेले आढळतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही वर्तमानपत्र वाचणाऱ्याला यात नवल वाटू नये. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात या अयुतसिद्धाची चांगलीच झडती घेतली आहे. अयुतसिद्ध म्हणजे कशाने, जागेने, काळाने की स्वभावाने? काळाने म्हणाल तर गाईचे डावे आणि उजवे शिंगही अयुतसिद्ध ठरेल. स्वभावानेच जोडीतली दोघे वेगळी नाहीत म्हणाल, तर मग दोन राहिलीच कुठे, आणि त्यांना जोडायला समवाय नावाचा तिसरा हवा कशाला? हा शेवटचा प्रश्न जिव्हारी लागणारा आहे. दोन म्हणावे तर संबंध लागतो. एक म्हणावे तर शब्द थांबतात.

कवी या पेचात कसे वागतात? कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्याच श्लोकात पार्वती-परमेश्वरांना शब्द आणि अर्थ यांची उपमा दिली आणि त्यांच्या जवळिकीसाठी ‘संपृक्त’ हे विशेषण निवडले. सुंदर शब्द. पण आपल्या शालेय विज्ञानाने तो संपृक्त द्रावणासाठी उचलला, आणि त्याची मर्यादा नकळत उघडी पडली. संपृक्त द्रावण आटवले की मीठ तळाशी उरते. मिसळलेले निवडता येते.

ज्ञानदेवांनी अमृतानुभवाच्या पहिल्या प्रकरणात हाच विषय घेतला. शिवशक्तिसमावेशन हे त्या प्रकरणाचे नाव. आरंभीच ते या देव-देवीला निरुपाधिक म्हणून वंदन करतात. वेदान्तात उपाधीचा अर्थ नैयायिकांच्या उपाधीहून वेगळा, हे कबूल. तरी ओल्या सरपणाची गोष्ट डोक्यात ठेवून हा शब्द वाचला की तो उजळतो: या दोघांच्या मध्ये तिसरे काही येऊन बसलेले नाही. त्यांना जोडायला कुणी लागत नाही, म्हणून तोडायलाही जागा नाही.

पुढे दृष्टान्तांची झड लागते. दोन दांड्यांवर एक नाद, दोन फुलांचा एक वास, दोन दिव्यांचा एक उजेड, दोन ओठांतून एक बोल, दोन डोळ्यांची एक दृष्टी. वाचताना हे एका माळेचे मणी वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत. दोन दिव्यांतला एक विझवा, दुसऱ्याचा उजेड राहतोच. एक फूल खुडा, दुसरे दरवळेल. या जोड्या सोडवता येतात. डोळ्यांचेही तेच, एक झाकला तरी दिसते, जरासे सपाट दिसते इतकेच. ओठांचे मात्र नाही. एका ओठाने प, ब, म म्हणून पाहावे. दुसरा ओठ येऊन भिडल्याशिवाय अक्षरच जन्माला येत नाही, आणि आले की ते वरच्या ओठाचे की खालच्या, हा प्रश्न कुणी विचारत नाही. शास्त्राच्या काट्यावर या साऱ्या दृष्टान्तांतला हा सर्वांत चोख. ज्ञानदेव व्याख्या करीत नाहीत, एकामागून एक उदाहरणे घासून बघतात, आणि ढिले पडणारे टाकूनही देत नाहीत. ढिल्या उदाहरणांतून ‘दोन असून एक’ हे कळते, घट्ट उदाहरणांतून ‘एकावाचून दुसरे नाही’ हे कळते. त्यांना दोन्ही हवे आहेत.

मग येतात गूळ आणि गोडी, कापूर आणि परिमळ. वेगळे करू जावे तर निवाडाच पांगळा होतो, असे ते म्हणतात. पांगळे होते ते कोण, हे पाहण्यासारखे आहे. गूळ पांगळा होत नाही, गोडीही होत नाही. निवडणारी बुद्धी लंगडी पडते. आणि कापराची निवड तर अचूकच. वास असलेल्या बहुतेक वस्तूंचा वास जातो आणि वस्तू मागे राहते: मोगरा सुकतो, चंदनाचे खोड जुने होते, अत्तराचा फाया कापसाचा बोळा होऊन कानात उरतो. कापूर तसा उरत नाही. देवघरातली कापराची डबी पुष्कळ दिवसांनी उघडावी. वड्या उडू नयेत म्हणून टाकलेले मिरे तेवढे तळाशी खुळखुळतात. वास गेला तो वडीला घेऊन गेला. वास हेच कापराचे जाणे आहे. ज्ञानदेवांच्या देवघरातल्या डबीचे आपल्याला काही माहीत नाही, पण हा दृष्टान्त पोथीत वाचून आलेला नसून नाकाने आणि डोळ्यांनी टिपलेला आहे, एवढे मी पैजेवर सांगेन.

लगेच आणखी एक: सगळा उजेड मुठीत घ्यायला जावे तर हाती दिवाच येतो. पतंजलीच्या साळीची पेंढी इथे आठवते. तिथेही हवे होते एक आणि सोबत आले दुसरे. फरक असा की तिथे सोबत आलेले तूस होते आणि ते उकिरड्यावर गेले. इथे सोबत येते ते टाकण्याजोगे नाही, तेच मुळाशी आहे.

पण धूर-आगीची ती एकतर्फी खोच? शक्ती शिवावाचून नाही हे सांगणे सोपे. शिवही शक्तीवाचून नाही हे कसे सांगायचे? इथे ज्ञानदेवांनी संसारातला दृष्टान्त घेतला आहे. नवरा निजलेला असताना ती एकटी सगळे चराचर प्रसवते. आणि ती विसावली की त्याचे नवरेपणही उरत नाही. या दुसऱ्या अर्ध्याची धार विलक्षण आहे. बायको नसली तरी पुरुष असतो, ‘नवरा’ मात्र नसतो. ज्ञानदेवांनी पुरुष आणि स्त्री अशी जोडी न घेता नवरा आणि बायको अशी घेतली, यातच सगळे आले. ही दोन नावे एकमेकांच्या जिवावर उभी आहेत. तार्किकांचा एका दिशेने जाणारा अविनाभाव इथे दोन्हीकडून वाहू लागतो, आणि तोही घरच्या, काहीशा थट्टेखोर सुरात. जगन्नियंत्या शिवाला झोपाळू नवरा करण्याची हिंमत तेराव्या शतकातल्या या तरुणाला झाली, याचे मला दर वाचनात कौतुक वाटते.

प्रकरण संपता संपता मीठ येते. मीठपणाचा लोभ सोडून मिठाने समुद्र होण्याचा लाभ घेतला, तसा मी अहं देऊन शिव-शक्ती झालो, असा त्याचा भाव. इथे संपृक्त द्रावणाची आठवण होऊन एखादा मिठागरवाला हसेल. समुद्रात गेलेले मीठ उन्हाने परत मिळवणे हाच त्याचा धंदा. हा दृष्टान्त कापरासमोर कच्चा आहे का? मला वाटते, तो जाणूनबुजून वेगळ्या ठिकाणी लावला आहे. गूळ, कापूर, दिवा हे शिव-शक्तींसाठी आहेत, ज्या कधी वेगळ्या नव्हत्याच. मीठ आहे ते नमस्कार करणाऱ्यासाठी. तो वेगळा होता, खड्यासारखा टोकदार होता, आणि त्याने सोडले आहे ते मीठ नव्हे, मीठ असण्याचा लोभ. समुद्राची चव खारटच आहे. त्या लोभावर बोट ठेवले की मिठागरवाल्याचा आक्षेप सुटतो.

तरी एक अडचण उरते. नमस्काराला दोघे लागतात. ज्यांच्यापासून आपण वेगळे नाही त्यांना वाकायचे कुणी आणि कुणापुढे? म्हणून अगदी शेवटची उपमा मिठाहूनही पुढे जाते: केळीच्या गाभ्यातली पोकळी आकाशात शिरावी, तसा हा नमस्कार. केळीचा सोट सोप सोलत सोलत गेले की शेवटी हाती गाभा म्हणून काही लागत नाही. जी पोकळी होती ती बाहेरचीच होती. शिरली म्हणायला ती कधी आकाशाबाहेर नव्हती. हा नमस्कार झाला की नाही, हे मला आजही नीट सांगता येणार नाही, आणि ज्ञानदेवांनाही तो प्रश्न मिटला असे वाटले नसावे. तिसऱ्या प्रकरणाचे नाव वाचाऋणपरिहार आहे, सहाव्याचे शब्दखंडन, आणि दहाव्याचे, म्हणजे शेवटच्या प्रकरणाचे, ग्रंथपरिहार. बोलून ठेवलेल्याची फेड करण्यातच तो ग्रंथ आठशेच्या आसपास ओव्या खर्च करतो.